संगीत नाटकातील सुलभतेचे वळण : 'मत्स्यगंधा' ते 'कट्यार' या टप्प्याचा विचार

प्रस्तावना

कलेच्या इतिहासात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. एखाद्या कलाप्रकाराने अधिक लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी आपले रूप सोपे केले, तर त्यास विकास म्हणावयाचे की तडजोड ? या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेने मिळत नाही. ते प्रत्यक्ष उदाहरणांतच शोधावे लागते. मराठी संगीत रंगभूमी हे या दृष्टीने अत्यंत उद्बोधक उदाहरण आहे. १९६० च्या दशकात या रंगभूमीने एकाच वेळी मागे वळून पाहिले आणि पुढे पाऊल टाकले. पुराणकथा, राजदरबार, रागदारी, ऑर्गन व तबला ही जुनी सामग्री तिने पुन्हा हाती घेतली. मात्र ती नव्या श्रोत्यास झेपेल अशा आटोपशीर रूपात मांडली. या वळणाची कारणे, स्वरूप व मर्यादा यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्याचबरोबर परभणीसारख्या, संगीत रंगभूमीच्या मुख्य केंद्रांपासून दूर असलेल्या जिल्ह्याच्या दृष्टीने या सुलभतेचा अर्थ काय होतो, याचाही येथे विचार केला आहे.

'जुन्याकडे वळणे' ही संकल्पना

हा प्रश्न केवळ आपल्यापुरता मर्यादित नाही. पाश्चात्त्य रॉक संगीतात नाट्यमय सादरीकरण करणारे अनेक वाद्यवृंद होऊन गेले. इंग्लंडमधील 'जेनेसिस' या वृंदाचा गायक पीटर गॅब्रिएल चित्रविचित्र वेष धारण करून दीर्घ, कथात्मक रचना सादर करीत असे. १९७५ साली तो वृंदातून बाहेर पडला आणि पुढील काही वर्षांत त्याच वृंदाने फिल कॉलिन्सच्या गायनासह लहान, सहज गुणगुणता येतील अशा गीतांकडे आपला मोर्चा वळविला. अलीकडच्या काळात स्वीडनमधील 'घोस्ट' या वृंदाचे उदाहरण घेता येईल. धर्मगुरूचा वेष केलेला गायक व मुखवटे घातलेले वादक ही त्याची ओळख. २०१० साली निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत या वृंदाचे संगीत अधिक गडद व जड होते. २०१८ व २०२२ च्या ध्वनिमुद्रिकांत मात्र १९७० व १९८० च्या दशकांतील लोकप्रिय रॉकच्या चालींचा आधार स्पष्ट जाणवतो. वेष व नाट्य कायम राहिले. सुरावट मात्र जुनी आणि सोपी झाली.

अशा स्थित्यंतरांत दोन गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे श्रोत्याच्या स्मृतीत आधीच रुजलेल्या ध्वनीचा आधार घेणे आणि दुसरी म्हणजे रचनेचा पसारा आवरणे. या दोन्ही गोष्टी परस्परपूरक असतात. ओळखीचा सूर असला की थोडक्यात पुष्कळ सांगता येते. मात्र भूतकाळ हा एकसंध नसतो. मागे वळणाऱ्या कलावंताला त्यातील कोणता भाग घ्यावयाचा याची निवड करावी लागते. संगीत रंगभूमीच्या बाबतीत ही निवड नेमकी कोणती होती, हे समजण्यासाठी तिची पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

पूर्वपीठिका : पदाकडून मैफलीकडे

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे 'सीतास्वयंवर' सादर केले. त्यानंतर अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुणे येथे 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग केला आणि संगीत नाटक हा प्रकार खऱ्या अर्थाने स्थिर झाला. 'शाकुंतल' व 'सौभद्र' या नाटकांत शंभराहून अधिक पदे होती. आजच्या वाचकास ही संख्या अवाजवी वाटेल. परंतु ही पदे बहुधा लहान होती. साकी, दिंडी, कामदा यांसारखी वृत्ते, कीर्तनातील व स्त्रीगीतांतील चाली, लावणीचे वळण, कर्नाटकी ढंग अशा परिचित साधनांतून ती घडली होती. पदे संवादाचेच काम करीत व कथानक पुढे नेत. म्हणजेच आरंभीचे नाट्यसंगीत हे मुळात सुलभ होते.

पुढे चित्र पालटले. १९११ साली कृ. प्र. खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले. त्यातील पदांना गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या. १९१६ साली 'स्वयंवर' आले. त्याचे संगीत भास्करबुवा बखले यांचे होते. या दोन नाटकांनी ख्याल, ठुमरी व टप्पा यांतील सौंदर्य रंगभूमीवर आणले. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांसारख्या गायकनटांनी त्याला वैभव प्राप्त करून दिले. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी मिळून केलेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग हा या वैभवाचा कळस मानला जातो.

तथापि या वैभवातच एक धोकाही दडलेला होता. गायकनटाच्या पदाला 'वन्स मोअर' मिळे, पद पुन्हा आळविले जाई, आलाप-तानांचा विस्तार होई आणि कथानक जागच्या जागी थांबून राही. प्रयोग उत्तररात्रीपर्यंत, प्रसंगी पहाटेपर्यंत चालत. रसिकाला मैफलीचा आनंद मिळत होता यात शंका नाही. पण त्यासाठी त्याच्याजवळ संपूर्ण रात्र, रागसंगीताचा कान आणि नाट्यगृहापर्यंत पोहोचण्याची सोय असणे आवश्यक होते. पद हे नाटकाचे अंग न राहता नाटकच पदांसाठी निमित्तमात्र होऊ लागले.

ओहोटीची कारणे

१९३० नंतर संगीत रंगभूमीस ओहोटी लागली. तिचे खापर एकट्या बोलपटावर फोडण्याची प्रथा आहे, ती अंशतःच खरी आहे. १९३१ साली 'आलमआरा' व १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' हे बोलपट प्रदर्शित झाले. अवघ्या दोन-अडीच तासांत, अल्प दरात, गाणे व कथा दोन्ही मिळू लागली. ज्यांनी 'मानापमान'ला चाली दिल्या ते गोविंदराव टेंबेच 'अयोध्येचा राजा'चे संगीतकार व नायक होते आणि स्वतः बालगंधर्वही १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये पडद्यावर आले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

दुसरे कारण ध्वनिमुद्रिकेचे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेच गायन मावत असे. त्यामुळे मोठमोठ्या गायकांनाही पदाचा अर्क तेवढ्या वेळात मांडावा लागला. तबकडी ऐकून तयार झालेला कान आटोपशीर पदाला सरावला. तिसरे कारण नाट्यविषयक जाणिवेचे. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक सादर केले. त्यात मोजकीच पदे होती आणि केशवराव भोळे यांनी त्यांना भावगीताच्या अंगाने चाली दिल्या होत्या. पद हे पात्राच्या भावस्थितीतून उमलले पाहिजे, हा विचार येथे प्रथमच ठामपणे मांडला गेला. पुढे मो. ग. रांगणेकर यांच्या 'नाट्यनिकेतन'ने १९४२ साली 'कुलवधू' रंगभूमीवर आणून ही वाट रुंद केली. ज्योत्स्ना भोळे यांचे गायन आणि मास्टर कृष्णरावांचे संगीत यांमुळे ते नाटक लोकप्रिय झाले.

या प्रवाहाने पद सुलभ केले. पण रागदारीचा भरजरीपणा मात्र मागे पडला. परिणामी १९५० च्या सुमारास मराठी रसिकासमोर जणू दोनच पर्याय उरले : एक तर जुन्या नाटकांचे स्मरणरंजन किंवा गद्य नाटक.

१९६० नंतरचे वळण

ही कोंडी फोडण्याचे श्रेय प्रामुख्याने दोन प्रवाहांना द्यावे लागेल. पहिला प्रवाह विद्याधर गोखले यांचा. १९६० साली भालचंद्र पेंढारकर यांच्या 'ललितकलादर्श'ने गोखल्यांचे 'पंडितराज जगन्नाथ' सादर केले. केशवराव भोसले यांनी १९०८ साली स्थापन केलेली ही संस्था म्हणजे जुन्या परंपरेची साक्षात वारसदार. परंतु नव्या नाटकासाठी तिने संगीतकार निवडले ते वसंत देसाई, म्हणजे 'झनक झनक पायल बाजे' व 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटांचे संगीतकार. चित्रपटातील नेमकेपणा व रंगभूमीवरील रागदारी यांचा असा संयोग घडून आला. १९६३ साली गोखल्यांचे 'मंदारमाला' आले. पं. राम मराठे यांच्या संगीताने व प्रसाद सावकार यांच्यासमवेत रंगलेल्या जुगलबंदीने ते गाजले.

दुसरा प्रवाह 'दि गोवा हिंदु असोसिएशन' या संस्थेचा. तिने १९६४ साली वसंत कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' व १९६६ साली वि. वा. शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' ही नाटके सादर केली. दोन्हींची कथा महाभारतातील. दोन्हींचे संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. त्यानंतर १९६७ साली प्रभाकर पणशीकर यांच्या 'नाट्यसंपदा'ने पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आणले. त्याचेही संगीत अभिषेकींचेच. अवघ्या तीन-चार वर्षांत एका संगीतकाराने नाट्यपदाची नवी घडण सिद्ध केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

अभिषेकींच्या घडणीची वैशिष्ट्ये

जितेंद्र अभिषेकी यांचा जन्म १९२९ साली गोव्यातील मंगेशी येथे झाला. वडील कीर्तनकार, त्यामुळे शब्द स्पष्टपणे श्रोत्यापर्यंत पोहोचविण्याचा संस्कार घरातूनच लाभला. पुढे गिरिजाबाई केळेकर, जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ आदींकडे त्यांनी तालीम घेतली आणि मुंबई आकाशवाणीवर नोकरीही केली. कीर्तन, रागसंगीत व नभोवाणी या तिन्ही शाळांचा ठसा त्यांच्या नाट्यसंगीतावर दिसतो. त्यांच्या घडणीची प्रमुख वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(१) संख्या व अवधी यांचा संयम : पदे मोजकी असून प्रत्येक पदाला कथानकात निश्चित जागा आहे. तान आहे, पण ती मुखड्याकडे लगेच परतते. श्रोता रागात रमतो, मात्र प्रसंग विसरत नाही.

(२) शब्दप्राधान्य : चाल शब्दांच्या स्वाभाविक उच्चाराला धरून जाते. अक्षरे ओढून ताणून स्वरांत बसविली जात नाहीत. त्यामुळे रागाचे नावही ठाऊक नसलेल्या श्रोत्यास पदाचा अर्थ प्रथमश्रवणीच कळतो.

(३) पात्रानुसार स्वररचना : 'मत्स्यगंधा'तील पराशराचे पद रामदास कामत यांच्या तयारीच्या गळ्यासाठी, तर सत्यवतीचे पद आशालता वाबगावकर यांच्यासारख्या अभिनेत्रीसाठी रचले गेले. गायकनट व अभिनेत्री या दोघांनाही सामावून घेणारी ही लवचिकता पूर्वीच्या गायनप्रधान नाटकांत दुर्मीळ होती.

(४) परिचित व अपरिचित यांचा मेळ : प्रचलित रागांबरोबरच त्यांनी कमी प्रचारातील राग व सुरावटीही वापरल्या. ओळखीच्या ठेक्यावर अनोळखी सुरावट आली की ती श्रोत्याला परकी वाटत नाही, हे मर्म त्यांनी अचूक ओळखले होते.

या वैशिष्ट्यांवरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अभिषेकींनी भूतकाळाकडे वळताना गंधर्वयुगाची रागसमृद्धी घेतली, परंतु पदाचे नाटकातील स्थान मात्र किर्लोस्करांकडून घेतले. मैफलीचा विस्तार त्यांनी सोडून दिला. म्हणजे त्यांचे 'मागे वळणे' हे अनुकरण नसून साक्षेपी निवड होती.

'कट्यार' : नाटकातच मांडलेला वाद

'कट्यार काळजात घुसली' हे नाटक तर प्रस्तुत प्रश्नाचेच नाट्यरूप आहे. विश्रामपूर संस्थानातील राजगायकाच्या पदासाठी पंडित भानुशंकर व खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या गायकीत संघर्ष होतो. वास्तूत नव्याने आलेले खाँसाहेब तेथील जुन्या, हळव्या सुरांना निरोप देऊ पाहतात. आणि तेच जुने सूर त्यांच्याही नकळत त्यांना वेढून राहतात. वसंतराव देशपांडे यांनी साकारलेले खाँसाहेब व भार्गवराम आचरेकर यांनी साकारलेले पंडितजी यांच्या गायनातून हा संघर्ष प्रत्यक्ष कानांवर पडत असे. एकच पद दोन घराण्यांच्या वळणाने दोन भिन्न चालींत ऐकविण्याची अभिषेकींची योजना येथे विशेष लक्षणीय ठरते. घराणे म्हणजे काय, हे व्याख्यानाने समजावून देण्यास तास लागेल. येथे सामान्य प्रेक्षकाला ते काही मिनिटांत उमगते. सुलभता म्हणजे आशय उणा करणे नव्हे, तर आशयापर्यंत जाण्याची वाट मोकळी करणे होय, याचे यापेक्षा चांगले उदाहरण देता येणार नाही.

आक्षेप व त्यांचा विचार

या वळणावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, यामुळे नाट्यपद भावगीताच्या पातळीवर आले व गायकनटाची दीर्घ तपश्चर्या अनावश्यक ठरली. यात तथ्यांश आहे. चार मिनिटांचे पद गाणारा गायक रात्रभर रंगभूमी पेलू शकेलच असे नाही. परंतु 'कट्यार'मधील पदे आजही तयारीच्या गायकाचीच परीक्षा पाहतात, हेही विसरता येत नाही. अवधी कमी झाला म्हणजे अवघडपणा कमी झाला, असे समीकरण मांडता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राजदरबार व पुराणकथा यांत रमलेल्या या नाटकांनी समकालीन जीवनाकडे पाठ फिरविली, असे म्हटले जाते. या उणिवेला उत्तर अन्य दिशेने आले. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'ने, भास्कर चंदावरकर यांच्या संगीतासह, कीर्तन व लोकनाट्य यांची रूपे राजकीय आशयासाठी वापरली. १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या 'थ्री पेनी ऑपेरा'वरून 'तीन पैशाचा तमाशा' रचले. नाट्यसंगीत, लावणी व पाश्चात्त्य रॉक यांची सरमिसळ त्यात होती आणि मुंबईतील रॉक गायक नंदू भेंडे यांचा त्यात प्रमुख सहभाग होता. मराठी रंगभूमी व रॉक संगीत यांची ती थेट भेट होती. या दोन्ही नाटकांनी जुनी रूपे प्रश्न विचारण्यासाठी वापरली. 'मत्स्यगंधा' व 'कट्यार' यांनी ती रसास्वादासाठी वापरली. दोन्ही मार्ग वैध आहेत. मात्र त्यांतील भेद अभ्यासकाने नजरेआड करू नये.

मराठवाड्याचा व परभणीचा संदर्भ

संगीत रंगभूमीचा इतिहास सामान्यतः पुणे, मुंबई, सांगली व गोवा यांच्याभोवती लिहिला जातो. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू, सभा-संमेलनांवर निर्बंध, अशा परिस्थितीत संगीत नाटकाला येथे तो राजाश्रय व लोकाश्रय लाभणे कठीण होते, जो पश्चिम महाराष्ट्रातील संस्थानांत व शहरांत लाभला. याचा अर्थ येथे संगीत नव्हते असा मात्र नाही. गंगाखेडच्या संत जनाबाईंचे अभंग, गोंधळ, भारूड, भजन व कीर्तन यांनी येथील कान समृद्ध केला होता. पण गंधर्वयुगातील रात्रभराचा प्रयोग हा या भागातील बहुसंख्य लोकांच्या अनुभवाचा भाग नव्हता.

१९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि पुढे आकाशवाणीचे केंद्र परभणीतही आले. आकाशवाणीवरील नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांतून अभिषेकी व राम मराठे यांची पदे घरोघरी ऐकू येऊ लागली. येथे सुलभतेचा खरा अर्थ स्पष्ट होतो. नाट्यगृह ज्यांच्या आवाक्यात नव्हते, त्यांच्यापर्यंत चार मिनिटांचे पदच पोहोचू शकत होते. पुण्याच्या जाणकार रसिकास जे संक्षिप्त वाटले, तेच सेलू-जिंतूरच्या श्रोत्यासाठी नाट्यसंगीताचे पहिले व पूर्ण रूप होते. कीर्तनात वाढलेल्या कानाला कीर्तनकाराच्या पुत्राने घडविलेले शब्दप्रधान पद जवळचे वाटावे, यातही नवल नाही. सुलभीकरणाचा हिशेब मांडताना काय गमावले एवढेच पाहून चालत नाही. कोणाला प्रथमच मिळाले, हेही पाहावे लागते.

आजचा विद्यार्थी आणखी एका टप्प्यावर उभा आहे. २०११ साली 'बालगंधर्व' व २०१५ साली 'कट्यार काळजात घुसली' हे चित्रपट आले. पहिल्यातील गायनासाठी आनंद भाटे यांना, तर दुसऱ्यातील गायनासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. दुसऱ्या चित्रपटात अभिषेकींच्या मूळ पदांबरोबर शंकर-एहसान-लॉय यांची नवी गीतेही होती. नाट्यसंगीताशी अनेक विद्यार्थ्यांची ओळख या चित्रपटांतूनच होते. याबद्दल खंत करण्यापेक्षा त्या ओळखीचा उपयोग करणे अधिक श्रेयस्कर ठरेल. चित्रपटातील पद, त्याचे १९६७ चे रंगमंचीय रूप आणि त्यामागील रागाचे गायन अशी तीन रूपे वर्गात एकापाठोपाठ ऐकविता येतात. मराठीचा अध्यापक शब्दांविषयी, संगीताचा अध्यापक रागाविषयी व इतिहासाचा अध्यापक संस्थानी जीवनाविषयी बोलू शकतो. राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र राहिलेल्या परभणीत, जेथे बी. रघुनाथ यांच्या नावाचे सभागृह उभे आहे, अशा आंतरविद्याशाखीय उपक्रमास अनुकूल भूमी निश्चितच आहे.

निष्कर्ष

(१) संगीत नाटक आरंभी सुलभ होते. गंधर्वयुगात ते समृद्ध पण विस्तारप्रधान झाले. १९६० नंतरचे वळण म्हणजे नव्याने आलेला सोपेपणा नसून मूळ तत्त्वाची, रागसमृद्धीसह झालेली पुनःस्थापना आहे.

(२) या वळणामागे बोलपट, ध्वनिमुद्रिका, नभोवाणी व बदललेली नाट्यजाणीव अशी अनेक कारणे होती. केवळ लोकानुनयाने त्याचे स्पष्टीकरण होत नाही.

(३) जुन्याकडे वळणे हे निवडीचे कार्य आहे. जुन्यातील काय घेतले व काय सोडले, यावरून अनुकरण आणि नवनिर्मिती यांतील भेद ओळखता येतो.

(४) केंद्रांपासून दूर असलेल्या प्रदेशांच्या दृष्टीने सुलभता ही सांस्कृतिक सहभागाची पूर्वअट ठरते.

मात्र सुलभ रूप हे प्रवेशद्वार आहे, याचे भान सुटता कामा नये. द्वार उघडून देणे हे कलावंताचे कार्य अभिषेकी व त्यांच्या समकालीनांनी चोख बजावले. त्या द्वारातून विद्यार्थ्याला आत, रागाच्या, शब्दाच्या व इतिहासाच्या दालनापर्यंत नेणे हे कार्य अध्यापकाचे आहे. ते झाले नाही, तर सोपेपणाचा दोष संगीतकारावर ठेवण्याचा अधिकार आपणास राहणार नाही.